पावणेदोन तासांवरची लेक

मी शेषरावांच्या घरची निळी, चाकांची बॅग बोलतेय. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. मलकापूरच्या दुकानात जयमालाबाईंनी माझी चेन पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहिली, तेव्हापासून मी धामणगाव बढेची. त्यांच्या लेकीच्या, राखीच्या लग्नातल्या साड्या माझ्यातच गेल्या. पुढे दिवाळीला ती आली आणि मला माहेरीच ठेवून गेली.

लग्न जमताना घरात रडारड झाली होती. मुलगा बंगळूरला नोकरीला. "इतक्या दूर पोरगी देत नसते मी," जयमालाबाई अडून बसल्या. मध्यस्थ म्हणाले, "नागपूरहून विमानानं पावणेदोन तास!" शेषराव खुलले. "काऊन रडतं वं? बुलडाण्याले जाऊन यायले याच्याहून जास्त टाइम लागते!"

बाईंना पटलं. मग काय, लेक पावणेदोन तासांवर दिली, असं त्या गावभर सांगत सुटल्या. मला हसू यायचं. नागपूर काय अंगणात आहे? पण बॅगेला कोण विचारतो!

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. पण डॉक्टरांनी राखीला प्रवासच बंद केला. तेव्हा बाईंनी डिंकाचे लाडू वळले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, माझ्यात भरली. तारखेला अवकाश होता. अन् एका सकाळी फोन आला. राखीला दवाखान्यात नेलं होतं. ती कण्हत म्हणाली, "आई, तू ये वं."

"आलीच माय, पावणेदोन तासात," बाई म्हणाल्या. त्यांचा खरंच विश्वास होता. मला फार वाईट वाटलं.

एसटीनं मलकापूर, तिथून रेल्वेनं नागपूर. दर स्टेशनला बाई विचारत, "आलं का?" शेषराव खिडकीबाहेर बघत राहिले. विमानतळावर पोचेतो संध्याकाळ झाली. विमान सुटायचंच होतं, तेवढ्यात जावयांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्यावर डोकं टेकून रडल्या. "पोरीजवळ आपलं कोणी बाईमाणूस नव्हतं हो."

शेषराव हळूच म्हणाले, "दूरच हाय ते. लय दूर हाय."

दवाखान्यात सकाळी आत सोडलं. राखी रागावली नाही. नुसतं म्हणाली, "आई, मी तुले लय हाका मारल्या."

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आयकू आल्या माय. साऱ्या आयकू आल्या."

आता सव्वा महिना उलटून गेलाय. वांगी तोडायला आली म्हणून शेषराव कधीच परतले. रोज फोनवर विचारतात, "कवा येतं वं?" बाई म्हणतात, "येईन ना," आणि पायानं मला पलंगाखाली आणखी आत ढकलतात. वर नात झोपलेली असते.

मंडळी, मला एवढ्यात बाहेर ओढू नका. माझी चेन लागली की बाईंची लेक पुन्हा दूर जाईल.