मागितलं नाही, मागितली

माझं अर्धं आयुष्य उंदरांच्या आतड्यांत गेलं, हे मी अभिमानाने सांगते. समोरचा जेवायला बसलेला असेल तर जरा जास्तच.

पस्तीस वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना तोंडाने काहीही न देता सगळं अन्न शिरेतून द्यायचो. काहींना वर ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन. ते उंदीर वजनाने छान भरायचे. पण आतड्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की आतली मखमली लव झडलेलीच दिसायची. ज्यांना तोंडाने चार घास मिळत, त्यांची लव मात्र ताठ उभी.

अविनाश त्याच संस्थेत ड्राफ्ट्समन होता, माझे आलेख काढून द्यायचा. हिंदूराव हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत राहायचा. मालवणचा माणूस, रोज थर्मासमधून पेज आणायचा. मी पुण्याची.

"पेज आजाऱ्याने प्यायची असते," मी नाक मुरडायचे.

"तुझ्या उंदरांना पाजून बघ एकदा. हार्मोन गेलं खड्ड्यात!"

त्या हिवाळ्यात थर्मासच्या झाकणातून मी ती ऊन ऊन पेज प्यायले आणि जन्माची अडकले. काय दिवस होते ते! पुढे मानस झाला, डब्यांची धावपळ सुरू झाली. थर्मास फुटला, नि त्याच्याबरोबर पेजही घरातून गेली. अविनाशने कधी मागितली नाही, मीही विचारलं नाही.

आता तोच अविनाश गुरुग्रामच्या हॉस्पिटलात चोवीस दिवस पडून होता. अर्धंअधिक आतडं काढलेलं, शिरेतून दुधासारख्या पांढऱ्या अन्नाची पिशवी चाललेली. वजन टिकलं होतं, पण भूक म्हणून नव्हती. डॉक्टर म्हणाले, "तोंडाने चमचा चमचा सुरू करू. आतड्याने साथ दिली तर पिशवी कमी करत जाऊ. नाही दिली, तर ती कायमची."

"आई, अशा पेशंटना ग्रोथ हार्मोन देतात, यार," मानस म्हणाला. "बिल्कुल लेटेस्ट आहे."

"लेटेस्ट? तुझ्या जन्माआधी मी ते टोचत होते! डॉक्टरांना विचार खुशाल. पण आतड्याला आधी काम हवं."

तोऱ्यात बोलले खरी, पण उंदरांचं मला ठाऊक होतं, नवऱ्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तर मानस कॉरिडॉरमध्ये उभा. हातात कोरा कागद, पेन, डोळे लाल.

"आई, बाबांनी पेज मागितलं. बहुतेक विल लिहायचंय त्यांना."

क्षणभर मला काही कळेना. मग कळलं, आणि हसू की रडू असं झालं.

"मागितलं नाही रे गाढवा, मागितली! पेज! चावल का मांड!"

चूक त्याची नव्हती. जी त्याने घरात कधी पाहिलीच नाही, तिचं नाव त्याला कुठून कळणार? मी तशीच घरी गेले, तांदूळ रटरटून शिजवले, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वरचं पाणी तेवढं गाळून आणलं. अविनाशने तीन चमचे घेतले. दिवसभर मी आणि मानस त्याच्या पोटाकडे बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पोटात गुडगुडलं. अगदी स्पष्ट.

"वृंदा," तो म्हणाला, "भूक लागली."

मी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. मानसने खिशातून तो घडी पडलेला कागद काढला.

"बाबा, ती पेज कशी करायची, सांगा. लिहून घेतो."

"लिही. उकडे तांदूळ, एक मूठ."

मानसने पेन थांबवलं. "उकडे म्हणजे?"

मी डोळे पुसले. "बघ," अविनाशला म्हटलं, "एवढ्यात कुठे निघाला होतास?"