ऐंशी हातांची साक्ष

मी दोरी बोलतेय. काथ्याची, ऐंशी हात लांब. आजवर गप्प होते, पण माझं नाव पुढे करून एका बाईची जमीन लाटली, तेव्हा आता ऐकाच.

मला वळलं मांद्र्याच्या मालतीने, नारळाची सोडणं कुजवून, कुटून, मांडीवर पीळ देऊन. मुळगावात शेतं मोजून देणाऱ्या विठूकाकांनी मला आणलं आणि माझा मान वाढला. शेताभोवती मला फिरवायचं, टोकाला टोक जुळलं की शेताच्या त्या तुकड्याला 'एक दोरीचा कुणगा' म्हणायचं, ही तिथली रीत. सगळे कुणगे जवळपास चौरस, त्यामुळे रीत खपून गेली. चूक कुणाला दिसलीच नाही.

मग सुमंगला आणि तिचा धाकटा भाऊ धाकू यांची वाटणी निघाली. वडिलांच्या मळ्याचे दोन भाग. एक वीस हात बाय वीस हात. दुसरी व्हाळाकाठची, ओढ्याला लागून असलेली पट्टी, छत्तीस हात लांब आणि जेमतेम चार हात रुंद. विठूकाकांनी मला दोन्हींभोवती फिरवलं. दोन्हीकडे माझी टोकं बरोब्बर जुळली.

"दोनूय एक-एक दोरी. वांटे सारके!"

धाकूने चटकन चौरस तुकडा धरला. सुमंगला म्हणाली, "म्हजी पट्टी बारीक दिसता रे."

"बाय, दोरी फट सांगता काय गो?" विठूकाका म्हणाले.

मी खोटं सांगते का, हे मलाच साक्षीला धरून विचारतात! माझा पीळन् पीळ जळला. मला फेरा विचारला होता, मी फेरा सांगितला. आत किती भुई आहे, हे मला विचारलं कुणी? आणि हा धाकू तर लाद्या बसवणारा! लाद्या किती लागतील हे मोजताना तो खोलीच्या आत उतरून आडवं-उभं मोजतो. बहिणीच्या वाट्याला मात्र त्याला भोवतालचा फेरा पुरला. लबाड कुठला!

मिरचीची लावणी आली. दोघांनी चारशे-चारशे रोपं काढली होती. हातभर अंतराने एकेक लावत धाकूची चारशेच्या चारशे बसली. सुमंगलेची एकशे चव्वेचाळीस बसली आणि पट्टी संपली. कुंपणाला काट्या मात्र दोघांना सारख्याच लागल्या.

उरलेली दोनशे छप्पन्न रोपं टोपलीत भरून ती तडक भावाच्या दारात गेली. विठूकाकांनाही घेऊन गेली.

"हीं रोपां म्हज्या दोरयेंत मावलीं नात. तुज्या दोरयेंत कशीं मावलीं? लोकांच्या खोलयेंत लाद्यो घालतना, भोंवतणी दोरी धरून लाद्यो मागता रे तूं?"

धाकूची मान खाली गेली. मग विठूकाका म्हणाले, "चुकलें म्हजें. फेरो कळलो, भुंय कळूंक ना."

धाकूच्या चौरसातल्या वीस-वीस रोपांच्या सहा ओळी आणि वर आठ रोपं भुईसकट सुमंगलेच्या वाट्याला गेली. आता दोघांकडे दोनशे बाहत्तर-दोनशे बाहत्तर. धाकूने रागाने मला अंगणात भिरकावलं. सुमंगलेने उचलून दोन माडांना बांधलं. आता माझ्यावर तिची लुगडी वाळतात.

पण परवा शेजारगावचा एकजण कुणगा मोजायला मला मागायला आलाच! न्या, खुशाल न्या. फक्त एक करा, सुमंगलेलाही सोबत न्या. तुम्ही काठाकाठाने फिरता. ती आत उतरून रोपं लावते.