केरबाच्या गाडीतला लाल दिवा

गाडीतला लाल दिवा लागला की गाडी थांबवायची. यात अवघड काय आहे? पण साताऱ्यात इतकी वर्षं गॅरेज चालवून मी एक पाहिलं आहे. दिवा लागला की माणूस आधी त्याच्यावर टिचकी मारतो. मग म्हणतो, ‘दिलावर, दिव्यातच बिघाड हाय बघ.’ इंजिनात ऑइलचा थेंब नसतो आणि हा दिव्याला नावं ठेवतो. अशा लोकांची मला चीड येते आणि चीड आली की तोंड आवरत नाही. म्हणून माझी गिऱ्हाइकं मोजकीच आहेत.

केरबा त्यातला नव्हता. फौजेत जन्मभर ट्रक चालवून तो पेन्शनीत आला, हाती आलेल्या रकमेत जुनी फियाट घेतली आणि स्टँडवर टॅक्सी म्हणून लावली. सकाळी चावी फिरवली की बॅटरीचा आणि ऑइलचा, दोन्ही लाल दिवे लागतात का ते बघायचा. इंजिन सुरू झालं की दोन्ही विझले का ते बघायचा. मगच गिअर टाकायचा. स्टँडवरच्या बाकीच्या टॅक्सींत देवाच्या फोटोपुढं बारका लाल बल्ब असायचा. केरबाच्या गाडीत पालीचा खंडोबा होता, बल्ब नव्हता. मीच एकदा बसवून देतो म्हटलं, तर म्हणाला, “नगं. लाल दिवा बिघाडाचा. दोन झालं की डोळा फसतो.” माणूस असा हवा, असं मला तेव्हा वाटलं.

त्याची थोरली पोर शालन आईजवळ गावी राहायची. चौऱ्याहत्तरच्या जुलैत तिला सांगलीच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या मुलाखतीला बोलावलं. इकडं तिच्या मामानं कराडकडचं एक बागायतदार स्थळ आणून ठेवलं होतं. घरात ठरलं ते असं, की ही एक खेप बघायची, हुकली तर दिवाळीनंतर लग्न. पोरीनं मान डोलावली. दुसरं काय करणार होती? मुलाखत अकराची होती आणि उशिरा येणारीला आत घेणार नाही, असं आधीच कळवलं होतं.

त्या सकाळी मलाही सांगलीतून सुटे भाग आणायचे होते, म्हणून मी मागं बसलो. शालन बापाशेजारी पुढं. पेठ नाक्यावरून आत वळल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. तिथं गाडीखाली धाडकन दगड लागला. केरबानं लगेच बाजूला घेतली. मी खाली शिरलो. इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला चीर गेली होती आणि ऑइल ठिबकत होतं. अंगाच्या साबणाची वडी चिंधीत मळून मी चिरेत दाबली. केरबानं डिकीतला ऑइलचा डबा वरून इंजिनात ओतला. गरम ऑइलपुढं साबण किती टिकणार, हे दोघांनाही माहीत होतं. इस्लामपुरात पोरीला एसटीत बसवावं म्हणून स्टँडवर गेलो, तर सांगलीची गाडी नुकतीच गेलेली आणि पुढची केव्हा येईल ते कुणी धड सांगेना. तसेच पुढं निघालो.

आष्टा मागं पडलं आणि ऑइलचा दिवा लुकलुकला. आधी वळणावर लागायचा, सरळ रस्त्याला विझायचा. मग लागला तो लागलाच.

“केरबा,” मी म्हणालो.

“बघितला.”

मी वाट बघितली. गाडी थांबेना. रस्ता मोकळा होता, मागंपुढं एक वाहन नव्हतं. शालन तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकत होती, ती थांबली.

“आबा, ह्यो लाल दिवा कसला वं?”

केरबानं रस्त्यावरची नजर काढली नाही. “खंडोबाचा हाय. समद्या टॅक्सींत असतोय.”

“मगाशी नव्हता.”

“वायर ढिली हाय. लागतोय कवा कवा.”

पोरीनं दिव्याला हात जोडले, डोळे मिटले. मला आतून असा संताप आला म्हणून सांगू! दुसरा कुणी असता तर त्याची गचांडी धरून गाडी थांबवली असती. “आरं केरबा, गाडी बाजूला—”

“दिलावर,” तो म्हणाला, “पोर पाठ करतीया. गप बस गड्या.”

इंजिन खालून वाजायला लागलं, आधी हळू, मग टकटक. आवाज वाढू नये म्हणून त्यानं पाय हलका ठेवला होता. प्रत्येक ठोक्याला आत काय झिजतंय ते मला कळत होतं आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं. सांगलीत शिरलो, गुळाच्या गाड्यांच्या गर्दीतून बाहेर पडलो. दवाखान्याच्या रस्त्याला वळताच इंजिननं आचका दिला आणि बंद पडलं. केरबानं क्लच दाबून धरला. गाडी तशीच मुक्यानं घरंगळत फाटकापाशी जाऊन टेकली.

“बंद का केली आबा?”

“दवाखान्याफुडं आवाज करायचा नसतोय. जा तू. येळ झाली.”

ती पळत आत गेली. मी बॉनेट उघडलं. इंजिन जाम झालं होतं, पुरतं धरलं होतं. ते नव्यानं बांधायचं तर गाडी विकून आलेला पैसाही पुरला नसता. वाटेत साठवलेल्या सगळ्या शिव्या ओठांवर होत्या, पण केरबाच्या तोंडाकडं बघितलं आणि एकही बाहेर पडली नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

“आता रं?” मी विचारलं.

“स्टँडामागच्या भाऊसोला त्याच्या ट्रकवर ड्रायव्हर पायजे हाय. उद्या जाऊन इचारतो.” त्यानं रुमालानं बॉनेट पुसलं आणि हळूच मिटलं. “पोरीला सांगू नगंस.”

दुपार कलल्यावर शालन बाहेर आली. चालण्यावरूनच कळलं, काम झालं होतं. एका दमात सगळं सांगत सुटली. बायका कशा बसल्या होत्या, रक्त बघून चक्कर येईल का म्हणून विचारलं, ऑगस्टात राहायला यायचं.

“आन आबा, वडील काय करत्यात म्हणून इचारलं. म्या सांगितलं, त्यांची सोताची गाडी हाय.”

केरबा बॉनेटला टेकून उभा होता.

“बराबर सांगितलंस,” तो म्हणाला. “चल, एसटीनं जाऊ. गाडीचं काम हाय दिलावरला.”