कोरडा खंडोबा

“त्येला पाणी सोसत न्हाई,” केशरबाई म्हणाली आणि कढईतली भजी उलटवली.

अमरसिंहला आधी वाटलं, ती तेलाबद्दलच बोलतेय.

नेकनूरच्या बसस्टँडसमोरची तिची टपरी अमरसिंहच्या जागेत होती आणि अमरसिंह जिल्हा परिषदेला उभा होता. निकालापर्यंत गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले देव पाण्यात घालावेत, असा त्याने निरोप धाडला होता. देव पाण्यात बसवायचे आणि काम झालं की बाहेर काढायचे, ही जुनी रीत. गल्लीने ती मनावर घेतली. कोणी देव तांब्यात घातले, कोणी बादलीत. गहिनीनाथने कूलरच्या पाण्यात घातले आणि कूलर चालू ठेवला. त्याच्या घरात सगळ्यांना देवाचा गार वारा लागत होता.

“मावशे, एका टाकाचा सवाल हाय. सगळ्यायनं घातले, तूच कावून न्हाई?”

“त्यो काय मतदार हाय का?”

तिचा खंडोबा म्हणजे बोटाएवढा पितळी टाक. तो चष्म्याच्या डबीत राहायचा आणि डबी बेसनाच्या डब्याशेजारी. दिवसभर ती त्याला काहीबाही सांगायची. मीठ जास्त पडलं की त्यालाच रागवायची. एकदा बीडला जाताना कंडक्टरने गमतीने देवाचं तिकीट मागितलं. “पंच्याहत्तरच्या पुढचा हाय, त्येला फुकट असतंय,” ती म्हणाली. कंडक्टरने मान्य केलं.

असं पहिल्यापासून नव्हतं. नवरा, राधाकिशन, दवाखान्यात होता तेव्हा तिनेही याला पाण्यात घातलं होतं. राधाकिशन गेला. दिवसपाणी झाल्यावर तिला तांब्या आठवला. आत खंडोबा हिरवा पडला होता. तिने त्याला चिंचेने घासलं, तोंडाने शिव्या देत घासलं, आणि घासता घासता तिच्या ध्यानात आलं की दोघांनीही नुसती वाट पाहिली होती. ती दवाखान्याच्या बाकड्यावर, तो पाण्यात. त्यानंतर तिने त्याच्याकडे काही मागितलं नाही. सांगायचं मात्र काही शिल्लक ठेवलं नाही.

“पडलो तर टपरी हलवायची,” अमरसिंह म्हणाला. “सांगून ठेवतो.”

केशरबाईने डबी उघडली. “ऐकलं का? आपली टपरी जाती म्हणं.” क्षणभर थांबून तिने डबी मिटली. “त्येला कळलंय. तरी न्हाई.”

अमरसिंह पडला.

दुसऱ्या सकाळी तो तावातावाने आला तर टपरी रिकामी. स्टोव्ह, कढई, बाकडं, सगळं रस्त्यापलीकडे लिंबाखाली. भांडायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे त्याची फार पंचाईत झाली.

“मी आजून हलव म्हणलो न्हाई!”

“तुला कशाला तकलीप? परचारात लई दमलास.” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा उतरला होता. “तुजे देव काढले का भाईर?”

“काम कुटं झालंय?” तो म्हणाला आणि थबकला. रीत पाहिली तर देवांना आता पाच वर्षं बसावं लागणार होतं.

“ते बी हारलेच की तुज्यासंगं. जा, घिऊन ये.”

तो स्वतः बादली घेऊन आला. त्याच्यामागे तांबे घेऊन अख्खी गल्ली आली. गहिनीनाथला कूलर उघडता आला नाही, म्हणून त्याने अख्खा कूलरच हातगाड्यावर आणला.

केशरबाईने चिंच भिजवली. बाकडं उन्हात ओढलं आणि एकेक देव घासून, पुसून त्यावर ओळीने मांडला. गिऱ्हाइकं उभ्याने भजी खात होती, कारण बाकड्यावर देव वाळत होते.

शेवटी तिने डबीतून आपला खंडोबा काढून त्या ओळीत बसवला. घासूनही बाकीच्यांवर पाण्याचे हिरवट डाग उरले होते, तो तेवढा लखलखत होता.

“समदे भिजून आलेत,” ती त्याला म्हणाली. “जरा इचारपूस कर.”

अमरसिंह रिकामी बादली धरून उभा होता.

“मावशे, टपरी ऱ्हाऊ दे माज्या जागंतच.”

“बघू. इचारते त्येला.” तिने मान वर केली नाही. “तू आदी सरक. सावली पडाया लागली तुजी त्यांच्या अंगावर.”

अमरसिंह सरकला.