माझ्या पोटातलं तारुण्य

मी क्रीमची डबी बोलतेय. काचेची, जाडजूड, सोनेरी झाकणाची. माझ्या रूपाला नावं ठेवायला कुणाला जागा नाही. पण मला स्वतःचीच किळस येते, आणि ती एकदा ओकून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी पहिली लबाडी जन्मापासूनची. कारखान्यात साच्यातून बाहेर पडले तेव्हाच माझा तळ बोटभर जाड होता. बाहेरून बघाल तर वाटीभर ऐवज, आत जेमतेम चार चमचे. अंगावर छापलं, ‘वय विसरा’. छापणाऱ्या यंत्राला लाज वाटायचं कारण नव्हतं. ते शब्द सुचलेल्या माणसाला मात्र वाटायला हवी होती.

माझी पहिली मालकीण एका वकिलाची बायको. हुशार, विनोदी, ढिगाने पुस्तकं वाचणारी. पण सकाळ झाली की आधी एक पाणी, मग मी, मग एक तेल. डोळ्यांखाली वेगळं, मानेला वेगळं. आरशासमोर दोन्ही गाल कानांकडे ओढून धरायची आणि म्हणायची, “एवढंच. एवढंच गेलं पाहिजे.”

बाहेरून नवरा ओरडायचा, “अगं, चेहरा धुतेस की भिंतीला गिलावा करतेस?”

“तुमच्या टकलाला लावू का उरलेला?” ती आतून म्हणायची.

दोघं हसायचे. मला हसू आलं नाही. दिवसातलं सगळ्यात एकाग्र चित्त ती बाई एका सुरकुतीला वाहत होती. पुस्तकात खूण घातलेलं पान महिनाभर तिथेच राहिलं.

मग मी रिकामी झाले. खरं तर तिथेच मी कचऱ्यात जायला हवं होतं. पण चांगली डबी टाकवत नाही ना कुणाला! “असू दे, कामाला येईल,” म्हणत तिने मला तिच्या पार्लरवाल्या ताईला देऊन टाकलं.

ताईच्या मागच्या खोलीत माझ्यासारख्या पंधरा-वीस डब्या उपड्या घालून वाळत होत्या. सगळ्या घरंदाज, सगळ्या वापरलेल्या. ताईने पातेल्यात खाजेच्या मलमाच्या ट्यूबा पिळल्या, गोरं करणारी क्रीम ओतली, ग्लिसरीन घातलं आणि औषधाचा वास मारायला गुलाबाचं अत्तर. मग चमच्याने घोटून घोटून ते माझ्या पोटात भरलं. काठावर सांडलेलं बोटाने पुसून घेतलं आणि बोट पुन्हा पातेल्यात निपटलं. त्याच बोटाने तिने थोड्या वेळापूर्वी एका बाईच्या हनुवटीवरची पुटकुळी फोडली होती. शी! मला कातडी असती तर शहारे आले असते.

अशी मी चष्मेवालीच्या हाती आले. ती एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात पंधरा वर्षं काउंटरवर होती. गिऱ्हाईक दारातून आत चार पावलं आलं की हिला कळायचं, ह्या नाकावर कुठली फ्रेम बसेल. म्हातारी माणसं खास तिच्याकडे यायची, कारण चष्मा चढवताना ती कानामागचे केस हळूच बाजूला करायची. माणसांत राहणं हाच तिच्या कामातला आनंद होता. आणि एक दिवस मालक म्हणाले, “बाई, समोर आता जरा फ्रेश चेहरे हवेत. तुम्ही मागे भिंगं घासायच्या खोलीत बसाल का? तीन-चार महिन्यांत ठरवू.”

मालकांचं स्वतःचं पोट काउंटरच्या कडेवर टेकलेलं असायचं. ते कुणी मागच्या खोलीत पाठवलं नाही.

पार्लरवाली म्हणाली, “पंधरा दिवसांत गाल बोलायला लागतील, बघ.” चष्मेवालीने मला उलटून पाहिलं, छापलेलं परदेशी नाव वाचलं आणि पर्समध्ये टाकलं. आत काय आहे, हे विचारलं नाही.

गाल खरंच बोलायला लागले. शेजारच्या काउंटरवरची विचारायची, “काय गं, नवरा अचानक लाडात आलाय की काय?”

“छे गं, पाणी पिते भरपूर.”

किती सहज खोटं! मी संपले की ती पार्लरवालीकडून मला पुन्हा भरून आणायची. तिसऱ्या महिन्यात त्याच गालांवर लाल धाग्यांसारख्या शिरा उमटल्या. उन्हात गेलं की आग व्हायची. हनुवटीवर लव आली. दोन दिवस मला लावलं नाही, तर चेहरा भाजल्यासारखा फुलायचा, म्हणून ती घाबरून पुन्हा माझ्यातच बोट घालायची. मीच जाळत होते आणि मीच फुंकर घालत होते. ह्याहून घाण धंदा कुठला?

आणि मग एका दुपारी माझं झाकण एका लहान हाताने उघडलं. तिची मुलगी ठमी. वय वर्षं तेरा. तेरा वर्षांच्या गालाला तारुण्य हवं होतं!

मला ओरडता आलं असतं तर मी काच फुटेस्तोवर ओरडले असते.

तीन आठवड्यांनी चष्मेवालीला क्रीममध्ये एक चर दिसला, तिच्या बोटापेक्षा बारीक.

“ठमे, इकडे ये. हे तू लावतेस?”

“तूच लावतेस की रोज.”

“मी मोठी आहे.”

“तूच मावशीला फोनवर म्हणालीस, आपल्या वयाला सुरू केलं की उशीर होतो. म्हणून मी लवकर सुरू केलं.”

चष्मेवालीचा हात उठला नाही. तिने ठमीचा गाल खिडकीच्या उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींना घेऊन तडक त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“ह्यात काय आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“क्रीम.”

“ते मलाही दिसतंय. क्रीममध्ये काय आहे?”

चष्मेवालीने माझ्यावर छापलेलं परदेशी नाव पुन्हा वाचलं.

“बाजारात भेंडी तरी मोडून बघून घेता ना?” त्यांनी मला हुंगलं. “खाजेच्या मलमातलं स्टेरॉइड असणार. कातडी पातळ करून घेतलीत. हिचं थोडक्यात निभावेल, पण तुम्हाला काही महिने लागतील. बरं व्हायच्या आधी चेहरा आणखी बिघडेल.”

“याच महिन्यात दुकानात ठरवणार आहेत. काउंटर जाईल माझं.”

“मग लावत राहा. हिच्यासमोर.”

ठमी जमिनीकडे बघत होती. चष्मेवालीने मला टेबलावर ठेवलं आणि बोटाने दूर सरकवलं. “ठेवून घ्या तुमच्याकडे.”

महिन्याभराने दोघी तपासून घ्यायला आल्या. ठमीचे गाल पुन्हा साधे, घामट, शाळकरी झाले होते. आईचा चेहरा मात्र सोललेल्या टोमॅटोसारखा.

“दुकानाचं काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मालक म्हणाले, चेहरा बरा होईपर्यंत रजा घ्या. मी म्हटलं, चष्मा मी चेहऱ्याने बसवत नाही, हातांनी बसवते.”

“मग?”

“बसलेय अजून काउंटरवर. पुढच्या महिन्यात काढतील कदाचित. रोज कुणीतरी विचारतं, तोंडाला काय झालं. रोज खरं सांगते. परवा एक बाई ऐकता ऐकता पर्स उघडून स्वतःची डबी बघायला लागली.”

“आई फार मोठ्याने सांगते,” ठमी म्हणाली. “सगळं दुकान ऐकतं.”

“ऐकू दे,” चष्मेवाली म्हणाली.

सध्या माझा मुक्काम डॉक्टरीणबाईंच्या काचेच्या कपाटात आहे. सोबत अशाच अकरा डब्या आहेत, प्रत्येकीने कुणाचं तरी तोंड जाळलेलं. आज कपाट आवरायला काढलंय. नर्सबाईंनी मला हातात घेऊन उजेडात धरलंय.

“अगंबाई, किती सुरेख डबी! धुऊन नेऊ का हो मी? टाचण्या राहतील.”

नको हो नर्सबाई! टाचण्यांशी माझं वैर नाही. पण तुमच्या टाचण्या हरवतील आणि मी उरेन, अशीच सुरेख, अशीच रिकामी. मग कुणीतरी पुन्हा म्हणेल, असू दे, कामाला येईल. मला धुऊ नका, जपू नका, कुणाला देऊ नका. खाली कडक फरशी आहे.

हात सोडा.