मानाची कक्षा

सूर्यमाला बसवायला राजेश्री मॅडमना आठवडा पुरला असता, पण मधे गाव आलं.

कार्यक्रम साधा होता. पालमजवळच्या एका गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीच्या पोरांनी ग्रह व्हायचं आणि चुन्याने आखलेल्या वर्तुळांवरून फिरायचं. पण ज्या गावात पोळ्याला कुणाचा बैल वेशीतून आधी निघणार यावरून दोन भावक्या अजून बोलत नव्हत्या, तिथे सूर्याजवळ कोण, हा प्रश्न विज्ञानाचा राहत नसतो. सूर्याला लागून म्हणून बुधाची जागा चौघांना हवी होती. ज्याच्या पोराला नेपच्यून आला तो बजरंग थेट शाळेत आला.

"आमचं पोरगं एवढं लांब का, मॅडम? आमी काय वाळीत पडलोत?"

"बजरंगभाऊ, ते अंतरच तेवढं आहे."

"मंग कमी करा की. चुना तुमच्याच हातात हाय."

सूर्याबद्दल मात्र वाद नव्हता. मांडव आणि भोंगे आश्रुबांचे, म्हणून सूर्य आश्रुबांचा नातू. आश्रुबा असे, की मांडव दिला तर त्याची सावलीसुद्धा वसूल करतील. पत्रिकेवर 'विश्वाचे निर्माते : आश्रुबा' असं त्यांनी छापूनही घेतलं. भजनी मंडळ म्हणालं, निर्माता एकच, आणि तो पत्रिका छापत नाही. आश्रुबा म्हणाले, नाटकात ज्याचा मांडव तो निर्माता. राजेश्री म्हणाली, आमच्या पुस्तकात निर्मात्याचं नावच दिलेलं नाही. ते तर कुणालाच पटलं नाही. एवढं मोठं काम, आणि करणाऱ्याचं नाव नाही?

पृथ्वी तेवढी कुणी मागितली नाही. तिथे तर सगळे रोजच राहत होते.

ती राजेश्रीने मुद्दाम वैष्णवीला दिली होती. वैष्णवीचा बाप धोंडीबा सुगी संपली की मेंढरं घेऊन नदीकाठाला, गंगाथडीला उतरायचा तो मृगालाच परतायचा. पोरगी मेंढरांमागे आणि पुस्तकं गाठोड्यात, असं दर वर्षीचं. या वर्षी "कार्यक्रमात हाय म्हणता तर ठेवतो आजीपाशी," एवढं धोंडीबाकडून वदवायला राजेश्रीला चार खेटे पडले होते.

मग तालीम बघायला आश्रुबा आले. आपला नातू खांबासारखा उभा आणि लोकांची पोरं मिरवताहेत, हे त्यांना बघवेना.

"मॅडम, सूर्य उगवतो, मावळतो. आमी जन्मापासून बघायलोत. त्यो हालत न्हाई म्हणता?"

"काका, विज्ञानात तसंच आहे."

"विज्ञानात असंल. गावात फिरतोय. कीर्तनात बी फिरतोय, रथात बसून."

राजेश्रीने मुख्याध्यापक रामहरी सरांकडे पाहिलं. सरांनी भोंग्यांकडे पाहिलं. "फिरू द्या की," सर म्हणाले. "आपण कुठं वर जाऊन बघितलंय?"

राजेश्री थकली होती. सूर्य फिरला तर फिरला, वैष्णवी तर शाळेत राहील, असा तिने हिशेब केला, आणि तो तिथेच चुकला. सूर्य फिरायला लागला तशी मधली जागा पृथ्वीची झाली, आणि मधली जागा म्हणजे मानाची. दुसऱ्या दिवशी आश्रुबांची नात पिंकी निळा झगा घालून हजर. नातवाला दिलं तर नातीवर अन्याय नको, असं आश्रुबांचं म्हणणं.

"आणि वैष्णवी?"

"चांदण्यांत उभी करा. चांदण्या कोण मोजतंय?"

संध्याकाळी धोंडीबा फाटकाशी आला. "मॅडम, पोरीला नेतो. चांदण्या तर रानात बी लय हायेत."

राजेश्री रात्रभर स्वतःवरच चडफडली. सकाळी तिने सूर्य परत मधे आणला, पृथ्वी परत वैष्णवीला दिली आणि तसं सांगून धोंडीबाला थांबवलं.

"मंग मांडव न्हाई," आश्रुबा म्हणाले.

"नको."

"भोंगे न्हाईत."

"नकोत."

"नातवंडं येणार न्हाईत."

"नका पाठवू."

मग सूर्य व्हायला कुणी धजेना. बजरंग म्हणाला, "आश्रुबाच्या नातवाच्या जागी आमचं पोरगं? नेपच्यूनच बरा हाय, मॅडम." शेवटी पिवळी साडी नेसून राजेश्री स्वतःच मधे उभी राहिली. भर दुपारी, बिनमांडवाच्या मैदानात. वैष्णवी तिसऱ्या वर्तुळावरून फिरली, स्वतःभोवती गिरक्या घेत, एकदाही रेघ न सोडता. निम्मं गाव आलं नाही. आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

घामाने निथळत राजेश्री धोंडीबाकडे गेली. "मग, राहील ना आता?"

"कार्यक्रमासाठी ठेवा म्हणला होता तुमी," धोंडीबा म्हणाला. "झाला की कार्यक्रम."

एवढं भांडण झालं, आणि हे राजेश्रीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई कासाबाई मातीत हात टेकून उठली. "ऱ्हाऊ दे रे तिला. माझे गुडघे लय दुखायलेत. पाणी कोण आणंल?"

"बरं," धोंडीबा म्हणाला. बस, एवढंच. चार खेट्यांनी, भांडणाने आणि उन्हाने जे झालं नाही ते एका घागरीने झालं.

"आजी, पण तिला शाळेत पाठवाल ना?" राजेश्रीने विचारलं.

"येईल की, पाणी आणून झाल्यावर," कासाबाई म्हणाली. "शाळा काय पळून जायलीय का?"