कँडलची चव

घरातला पाण्याचा फिल्टर कधी बदलायचा, हे सासरेबुवांची जीभ ठरवायची. बाकीची खाती सुनेने केव्हाच ताब्यात घेतली होती: कपाटाच्या किल्ल्या, टीव्हीचा रिमोट, सासूबाईंचं मतसुद्धा. पाणी तेवढं उरलं होतं. रोज सकाळी ते एक घोट घेत, तोंडात घोळवत आणि निकाल देत.

पंचाईत अशी, की गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्यांना चव लागत नव्हती आणि वासही येत नव्हता. भाजी आणि ती सांडल्यावर पुसायचा फडका यांतला फरक त्यांना चावल्यावरच कळला असता. पण हे सांगणं म्हणजे उरलीसुरली खुर्चीही सोडणं. म्हणून ते दरवेळी "उत्तम" म्हणत. उत्तम म्हणणारा माणूस सहसा पकडला जात नाही, हे त्यांना नोकरीनेच शिकवलं होतं.

सून मात्र इरेला पेटली होती. फिल्टरची धार सुतासारखी झाली होती, पाण्याला कुबट वास मारत होता, आतल्या कँडलची, म्हणजे पाणी गाळणाऱ्या नळकांड्याची, मुदतही केव्हाच उलटली होती. त्यावर सासरेबुवांनी कंपन्या मुदती का छापतात यावर व्याख्यान दिलं आणि ओघाओघात सुनेच्या माहेरच्या पाण्यालाही हात घातला. तेवढं टाळायला हवं होतं.

रविवारी भर जेवणात सुनेने फिल्टर उघडला आणि कँडल ताटलीत घालून त्यांच्यापुढे आदळली. मुळात पांढरी; आता तपकिरी, बुळबुळीत. तिच्या नवऱ्याने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं.

"घ्या बाबा," ती म्हणाली, "पाणी कशाला, थेट हिलाच चाखा."

आता माघार घेतली तर सगळंच गेलं. सासरेबुवांनी कँडल उचलली, सावकाश जीभ लावली आणि विचारपूर्वक छताकडे पाहिलं.

"आणखी दोन महिने आरामात जाईल."

कुणी हसलं नाही. सून टक लावून बघत होती. तिच्या नजरेवरून त्यांना उमगलं, की तोंड वाकडं करायचं राहूनच गेलं.

सासूबाईंनी ताटली ओढून घेतली. "कधीपासून हो?"

सुनेने नवऱ्याला दोन कामं सांगितली, नवी कँडल आणि डॉक्टरांची वेळ. मग म्हणाली, "राहू द्या बाबा, उद्यापासून मी बघते पाण्याचं."

तिच्या आवाजात चक्क माया होती. एवढी वर्षं तिचं सगळं ऐकून घेतलेले सासरेबुवा त्यावर मात्र ताटावरून उठले.